द्वारकाबाई आधी जमीन बघतात

द्वारकाबाईंना एक खोड आहे. कुणाच्या गोठ्यात गेल्या की त्या जनावराकडे बघतच नाहीत. मालक बिचारा गाईच्या पाठीवरून हात फिरवत कालपासून तिने चारा कसा सोडला, डोळे कसे ओढले, ते तिखटमीठ लावून सांगत असतो. आणि या बाई पदर खोचून, मान खाली घालून, गाईच्या मागच्या पायांपाशी काय पडलंय, किती पडलंय, कधी पडलंय ते बघत उभ्या असतात. मालकाचं सांगून झालं की मग वर बघतात. तोवर त्यांना निम्मं कळलेलं असतं.

ही नजर काही फुकट आलेली नाही. नवरा महारुद्र सास्तूरच्या बाजूला एका गावी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात परिचर होता. परिचर म्हणजे जनावर लोखंडी खोड्यात अडकवायचं, घट्ट धरायचं, डॉक्टरांच्या हातात सुई द्यायची आणि शेवटी सगळी घाण धुऊन काढायची. महारुद्र काविळीने गेला तेव्हा द्वारकाबाई सव्वीस वर्षांच्या होत्या आणि मुलगा अमरसिंह पाच वर्षांचा. अनुकंपेवर नवऱ्याची जागा त्यांना मिळाली. बाईमाणूस बैल कसा धरणार, यावर गावाने पारावर बसून पुष्कळ चर्चा केली. पहिल्याच महिन्यात एका खोंडाने त्यांना भिंतीशी दाबलं, दोन बरगड्या दुखावल्या. दुसऱ्या महिन्यात त्याच खोंडाच्या नाकात बोटं घालून त्यांनी त्याला खोड्यात उभा केला. चर्चा तिथेच थांबली.

नाव झालं ते रामकिसनच्या पांढऱ्या बैलामुळे. बैल पोटावर लाथा मारत होता, बसत होता, उठत होता. पोटशूळ आहे असं सगळ्यांचं एकमत झालं. शिवप्पा डॉक्टर उमरग्याकडचे, हुशार माणूस, पण त्या दिवशी तेही तेल पाजायला निघाले होते. बाई खोड्याच्या मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "सायेब, बैल इथं बांधून तीन तास झाले. शेण टाकलंय दोनदा. पण मुतला न्हाय एकदाबी. जमीन कोरडी ठाक हाय."

डॉक्टरांनी तेलाची बाटली खाली ठेवली. मुतखडा निघाला. बैलाची मूत्राची नळी बारीक, त्यात वाटाण्याएवढा खडा अडकलेला. तिथेच लिंबाखाली पाडून डॉक्टरांनी तो काढला आणि बैल पुढे सात वर्षं गाडी ओढत राहिला. त्या दिवसापासून शिवप्पा डॉक्टर नळी कानाला लावायच्या आधी विचारायचे, "बाई, जमीन काय म्हणते?" आणि गावातली टवाळ मंडळी म्हणायची, "ती बघा, शेणामुतात बघणारी बाई." बाईंना डॉक्टरांचं विचारणंही ठाऊक होतं आणि गावाने ठेवलेलं नावही. दोन्हींचा त्यांना सारखाच अभिमान वाटायचा.

अमरसिंहाला मात्र ते नावच तेवढं ऐकू आलं. चौथीत असताना वर्गातल्या पोरांनी चिडवलं म्हणून त्याने घरी येऊन ताट सरकवलं होतं. आज तो धाराशिवला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, लोक त्याला सर म्हणतात, स्वतःचं दुमजली घर आहे. पण आईचा विषय निघाला की तो अजून म्हणतो, "आई पशुसंवर्धन खात्यात होती." खात्यात म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे टेबल-खुर्ची येते. द्वारकाबाई शेजारी बसून ते ऐकतात. आयुष्यात तेवढी एक गोष्ट त्यांना सलते.

दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन त्या मुलाकडे राहायला आल्या, तर त्या कॉलनीत औषधालासुद्धा जनावर नाही. होता तो एक बोका. नात शिवांजली, दहावीतली, तिने पिल्लू असताना आणलेला. राखाडी, गुबगुबीत, नसबंदीचं ऑपरेशन झालेला, दुकानातलं खडीसारखं कोरडं खाणं खाणारा. नाव नवाब. आणि या नवाबाला जिन्याखाली, देवघराच्या भिंतीला लागून, वाळूची पेटी होती. पसरट प्लास्टिकची पेटी, त्यात विकतची वाळू. नवाब त्यात जायचा, उकरायचा, कार्यभाग उरकायचा आणि झाकून यायचा.

"मांजराला संडास!" पहिल्या दिवशी बाई पोट धरून हसल्या होत्या. "आमच्याकडं निम्म्या गावाला न्हवता."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन त्या जिन्याखाली वाकल्याच. ओल लागून वाळूचे गोळे झालेले. मोजून तीन, लिंबाएवढे. "ब्येस," त्या म्हणाल्या. मग तो त्यांचा नेमच झाला. नात पेटी साफ करायची, पण आजीने बघितल्याशिवाय नाही. रोज तीन गोळे. सून नाक मुरडायची, अमरसिंह पेपरात तोंड घालायचा. बत्तीस वर्षांचं काम सुटल्यावर बाईंच्या हाताशी एवढंच उरलं होतं आणि ते त्या मन लावून करत होत्या.

मग नवरात्र आलं.

तुळजापूर हाकेच्या अंतरावर. बाईंचं नवरात्र कडक. नऊ दिवस उपास, गादीवर झोपायचं नाही, पायात चप्पल घालायची नाही. अमरसिंहाने गावाकडच्या वावरातून काळ्या मातीचं पोतं आणलं. देवघरात परडीत माती पसरून, धान्य पेरून, वर घट बसवायचा. सगळं घर धुऊन निघालं, गोमूत्र शिंपडलं. आणि बाईंची नजर जिन्याखाली गेली. भिंतीच्या एका बाजूला आई भवानीचा घट, आणि दुसऱ्या बाजूला बोक्याचं संडास!

"ही पेटी गच्चीवर न्या," त्यांनी हुकूम सोडला. "दसऱ्यापत्तुर खाली न्हाय आणायची."

"आजी, त्याला तिथं ऊन लागतं. तो जाणार नाही," शिवांजली म्हणाली.

"जातो. जनावर हाय, रस्ता शोधतं."

पेटी गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली गेली. बाईंचे गुडघे दोन जिने चढण्याच्या पलीकडचे, त्यामुळे रोजचं वाकून बघणंही थांबलं. हे त्यांच्या त्या वेळी ध्यानातसुद्धा आलं नाही.

आता गंमत बघा. बोक्याची वाळू घराबाहेर काढली, आणि त्याच दिवशी घराच्या मधोमध मऊ, भुसभुशीत, ताजी माती पसरट परडीत मांडून ठेवली. माणसाच्या दृष्टीने तो घट. बोक्याच्या दृष्टीने काय असेल ते सांगायला नको. दुसऱ्या माळेला बाई आरतीचं ताट घेऊन देवघरात शिरल्या तर नवाब परडीत पुढचे दोन्ही पाय घालून निवांत उकरत होता. बाईंनी जी आरोळी ठोकली ती चौथ्या घरापर्यंत गेली. बोका खिडकीतून पसार. शिवांजली हसता हसता जमिनीवर बसली, सुनेने तोंडात पदर कोंबला. बाईंनी माती सारखी केली, देवीची माफी मागितली आणि देवघराला कडी लावून टाकली.

त्यानंतर नवाबाने गच्चीवर जायचं सोडलंच. चौथ्या माळेला न्हाणीघरात ओलं. पाचव्या माळेला पायपुसण्यावर. सहाव्या माळेपासून तर जिथे तिथे, पण थोडं थोडं. सोफ्याच्या कोपऱ्यात, दाराच्या आड, अमरसिंहाच्या बुटात. सून फिनाईलची बाटली हातात घेऊनच फिरू लागली. शिवांजलीने मोबाईलवर वाचून काढलं आणि सगळ्यांना ऐकवलं, "पेटीची जागा बदलली की मांजर रुसतं. वास बदलला की रुसतं. ही सगळी आजीची करणी आहे. पेटी खाली आणा."

"दसरा होऊ दे," बाई म्हणाल्या. "दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न हाय."

नात आजीशी बोलेनाशी झाली.

अष्टमीला सकाळी अमरसिंहाने तपासायला आणलेला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा खालून ओला निघाला. तसा तो शांत माणूस, पण त्या दिवशी त्याचा पारा चढला. शिवांजली शिकवणीला गेल्याची वेळ साधून त्याने बाजाराची मोठी पिशवी काढली. "येडशीच्या पुढं रामलिंगच्या जंगलात सोडून येतो," तो बायकोला म्हणाला. "तिथं माकडांच्यात राहील, काय खायचं ते खाईल. पोरीला सांग पळून गेला."

"रडून घर डोक्यावर घेईल ती."

"चार दिवस रडेल."

बाईंनी हे देवघरातून ऐकलं. त्यांना वाईट वाटलं, पण समईची वात सारखी करत त्या तिथेच बसल्या. घर मुलाचं, उत्तरपत्रिका मुलाच्या. बोका जिन्याखाली, पेटीच्या जुन्या रिकाम्या जागेवर जाऊन बसला होता. पाठ वर काढलेली, शेपूट आखडलेली. अमरसिंह त्याला उचलायला वाकला तसा तो गुरगुरला आणि दोन पावलं पुढे सरकून पुन्हा तसाच बसला.

"बघ, परत तेच!" सून ओरडली. "आत्या, तेवढं फडकं द्या हो."

बाई फडकं घेऊन गेल्या. आणि जुन्या सवयीने त्यांनी आधी बोक्याकडे नाही, जमिनीकडे बघितलं.

पांढऱ्या फरशीवर एक थेंब होता. एकच. आणि तो पिवळा नव्हता, तांबूस होता.

बाई खाली बसल्या. बोटाने थेंब टिपला, चोळला, वास घेतला. सुनेने डोळे मिटून घेतले. मग बाईंनी डावा हात बोक्याच्या मानेवर ठेवला आणि उजवा हळूच पोटाखाली सारला. आत मोसंबीएवढा टणक गोळा होता. हात लागताच नवाब असा ओरडला की अमरसिंहाच्या हातातली पिशवी गळून पडली.

"अमर, ह्यो रुसला न्हाय," बाई म्हणाल्या. "ह्याचं अडकलंय."

"आई, सगळ्या घरभर करून ठेवलंय त्यानं आणि तू म्हणतेस अडकलंय?"

"घरभर काय केलंय? थेंब! कालपासनं बारा ठिकाणी पुसलं आपण. एका जागी तरी वाटीभर व्हतं का? सांग की सूनबाई, तू पुसलंस न्हवं?"

सून विचारात पडली. "नाही," ती म्हणाली. "सगळीकडं थेंबच होते. म्हणून तर वास येईपर्यंत दिसायचं नाही."

"सकाळपासनं ओकलाय का?"

"एकदा. मला वाटलं केस गिळले असतील."

अमरसिंह वैतागला होता. "आई, तू बैल बघितलेस गं. हे मांजर आहे. इथल्या नंदीश डॉक्टरांचा दवाखानाही आज चारला उघडणार, बाहेर पाटी लावलीय."

"चारपत्तुर ह्यो राहत न्हाय."

हे त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की अमरसिंहाचा हात मोटारसायकलच्या किल्लीकडे गेला. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. लहानपणी दवाखान्याच्या ओट्यावर अभ्यास करत बसायचा तेव्हा त्याने तो ऐकला होता. आई या आवाजात बोलली की हातातलं काम टाकून शिवप्पा डॉक्टरसुद्धा वळून बघायचे.

जंगलासाठी काढलेल्या पिशवीत बाईंनी जुनं लुगडं अंथरलं, नवाबाला त्यात ठेवलं आणि त्या मोटारसायकलवर मागे बसल्या. चप्पल घालायचा प्रश्नच नव्हता. नंदीश डॉक्टर दवाखान्याच्या मागेच राहायचे. बाईंनी अनवाणीच त्यांच्या दाराची बेल वाजवली.

डॉक्टर तिशीतले, कपाळावर भस्माचे ताजे पट्टे, पूजेतून उठून आलेले. अमरसिंहाने सांगितलं की बोका पेटी सोडून घरभर घाण करतोय. डॉक्टर समजुतीने हसले. "सर, सणासुदीत माझ्याकडं ह्याच तक्रारी येतात. पेटीची जागा बदलली का?"

"बदलली," बाई पुढे झाल्या. "म्याच बदलली, चूक माझीच हाय. पण आधी एवढं ऐका. रोज तीन गोळे व्हायचे, लिंबाएवढे. आठ दिवस म्या बघितलं न्हाय. कालपासनं बारा जागी नुसते थेंब. आज सकाळचा थेंब तांबूस. एकदा ओकलाय. पाण्याच्या वाटीकडं बघत न्हाय. पोटात गोळा हाय, मोसंबीएवढा, टणक. म्या जास्त दाबला न्हाय, फुटंल म्हणून."

डॉक्टरांचं हसू मावळलं. त्यांनी तिथेच दारात पिशवीत हात घातला आणि लगेच काढला. "चला आत," ते म्हणाले. "मावशी, तुम्ही कुठं होता नोकरीला?"

बाईंनी अमरसिंहाकडे बघितलं. तो 'खात्यात' म्हणायच्या आधी त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. "परिचर व्हते. सास्तूरच्या बाजूला, जनावरांच्या दवाखान्यात, बत्तीस वर्षं. शेणामुतात बघणारी बाई म्हणत्यात मला."

डॉक्टरांचा माणूस सणाला गावी गेला होता. भूल दिली तरी बोका धरायला कुणीतरी हवंच होतं. हात धुऊन बाई टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला उभ्या राहिल्या. बैल धरणारे ते हात, जाड बोटांचे, पण नवाबाचे मागचे पाय त्यांनी पोटाकडे ओढून असे धरले की त्याला धरल्याचं कळू नये आणि हलताही येऊ नये. डॉक्टरांनी बारीक नळी हळूहळू आत सरकवली. दोनदा अडली. तिसऱ्यांदा आत गेली आणि तांबडं, गढूळ मूत्र खालच्या भांड्यात वाहू लागलं. बाईंनी मोठा श्वास सोडला. रामकिसनचा बैल लिंबाखाली असाच मोकळा झाला होता, आणि त्या दिवशी वाटला होता तितकाच आनंद त्यांना आज झाला.

"संध्याकाळपर्यंत गेला असता," डॉक्टर भांड्याच्या तळाशी साचलेली वाळूसारखी कच दाखवत अमरसिंहाला म्हणाले. "बोक्याची नळी बारीक. त्यात कोरडं खाणं, पाणी कमी. कच आधीपासून धरत असणार. पेटी लांब गेली, त्यानं मूत्र अडवून धरलं, मग वाढलं. आणि पेटीत बसलं की कळ येते, म्हणून त्याला वाटतं पेटीच आपल्याला दुखवतेय. मग ते फरशी बघतं, बूट बघतं, गार जागा बघतं, कुठंतरी दुखणार नाही म्हणून. लोक म्हणतात मांजर सूड घेतंय. नळी दोन दिवस राहू द्या. दसऱ्याला न्या."

 घरी परतताना ती मोठी पिशवी अमरसिंहाने घडी करून खिशात घातली. दुपारी शिवांजलीला त्याने सगळं सांगितलं, जंगलाचंसुद्धा. ती बापाशी भांडली, आजीच्या गळ्यात पडली आणि लगेच दवाखान्यात पळाली.

बाई तर घरी आल्या आल्या पाणीही न पिता जिन्याकडे निघाल्या होत्या. एक एक पायरी, कठडा धरून. सून मागे धावली. "आत्या, कुठं निघालात? मी आणते ना!"

"न्हाय. म्या पाठवली, म्याच आणणार."

टाकीखाली पेटी उन्हाने तापली होती, वाळूवर हात ठेववत नव्हता. बाईंनी ती बघितली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सात दिवस आपण वर आलो असतो तर! शिवप्पा डॉक्टरांनी विचारलं असतं, बाई, जमीन काय म्हणते, तर काय सांगितलं असतं आपण? की साहेब, यंदा जमीन बघितलीच नाही, विटाळ होतो म्हणून? त्यांना स्वतःचाच राग आला. पेटी कडेवर घेऊन त्या तशाच खाली उतरल्या.

"नवी पेटी आणू की," सून म्हणाली. "डॉक्टरांनी ह्यांना सांगितलंय ना, जुनीत बसायला तो घाबरेल."

बाई जिन्याखालच्या मोकळ्या जागेकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "घमेलं आण. नवं कोरं हाय ते. आन अमरनं आणलेल्या मातीचं पोतं कुठाय? निम्मं उरलंय न्हवं?"

"घटाची माती? बोक्याला?"

"घटात हाय ती देवीची. पोत्यात हाय ती आपल्या वावराची. त्या दिवशी परडीत पाय घालून त्यानं सांगितलं व्हतं की मला ही पायजे. म्या त्याच्यावरच वरडले."

"आणि इथंच ठेवायचं? देवघराला लागून? अजून घट उठायचाय."

"व्हय, इथंच." बाईंचा आवाज चढला. "आई भवानी वाघावर बसलीय. नऊ दिवस, रात्रंदिवस. त्यो वाघ काय मुतत नसंल?"

 सून घमेलं आणायला गेली आणि स्वयंपाकघरातून तिचं हसणं बराच वेळ ऐकू येत राहिलं.

दसऱ्याला सकाळी घट उठला. परडीतलं धान्य वीतभर उगवलं होतं, नवाबाने उकरलेल्या कोपऱ्यात जरा विरळ होतं इतकंच. दहाच्या सुमाराला शिवांजली बोक्याला घेऊन आली. नळी काढलेली, पायाचे केस कापलेले, सगळा नवाबी थाट उतरलेला. डॉक्टरांनी बजावून पाठवलं होतं की आज संध्याकाळपर्यंत आपलं आपण मोकळा झाला तर बरं. नाही झाला तर लगेच परत आणा, आणि मग मात्र खात्री देता येणार नाही.

पाट मांडून बाई जिन्यासमोर बसल्या. पुरणपोळीचं ताट तिथेच आणायला लावलं. बाराला नवाबाने ओल्या खाण्यात तोंड घातलं, वाटीभर पाणी प्याला. एक वाजता घमेल्याजवळ गेला, वास घेतला आणि मागे फिरला. शिवांजलीने आजीचा हात घट्ट धरला. अडीचला पुन्हा गेला, पुन्हा फिरला. सून कामाच्या निमित्ताने दहा वेळा डोकावून गेली. अमरसिंह हॉलमध्ये पेपर उघडून बसला होता, पण पान एकदाही उलटलं नाही.

चारनंतर नवाब उठला. घमेल्याच्या काठावर पुढचे पाय ठेवून थांबला. मग आत उतरला. माती उकरल्याचा आवाज आला. तो बसला, कान मागे पाडून, दुखायची वाट बघत असल्यासारखा. बाईंनी श्वास रोखला. काही वेळाने बोक्याचे कान हळूहळू पुढे आले. मग तो उठला, नीट झाकलं आणि शेपूट वर करून स्वयंपाकघराकडे निघून गेला.

बाई गुडघ्यांवर हात देऊन पुढे सरकल्या. माती बाजूला केली. ओला गोळा, लिंबापेक्षा मोठा. बोटाने दाबून बघितला, प्रकाशात धरला. तांबूस नाही. कच नाही. त्यांनी नातीकडे बघून मान डोलावली, आणि शिवांजली रडायलाच लागली.

मागे पावलं वाजली. अमरसिंह येऊन आईच्या शेजारी उकिडवा बसला. आयुष्यभर ज्या गोष्टीवरून त्याने तोंड फिरवलं, तिच्याकडे तो बघत होता.

"आई, जमीन काय म्हणते?"

बाईंनी चमकून त्याच्याकडे बघितलं. हे वाक्य त्याच्या ध्यानात असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"ब्येस म्हणती," त्या म्हणाल्या आणि गोळा त्याच्यापुढे धरला. "दाबून बघ."

त्याने बघितलं.

तेवढ्यात दारात हाका आल्या. अमरसिंहाच्या महाविद्यालयातले धनाजी सर, बायकोसह, हातात आपट्याची पानं, सोनं द्यायला आलेले. "सर, सीमोल्लंघन झालं की नाही? आणि आई कुठं आहेत? आधी त्यांच्या पाया पडू."

बाईंनी गडबडीने मातीचा हात पदराआड घेतला आणि त्या उठायला लागल्या. पाहुण्यांपुढे मुलाला कमीपणा नको, ही पण बत्तीस वर्षांची सवय. अमरसिंहाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

"इकडंच या सर, जिन्याखाली," तो तिथूनच मोठ्याने म्हणाला, शेजारच्या घरातही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "आई बोक्याचं मूत तपासतेय. माझी आई जनावरांच्या दवाखान्यात परिचर होती, बत्तीस वर्षं. तिच्यासारखी नजर अख्ख्या जिल्ह्यात नाही. या, बघा तरी."